टेकडीवर दोन हजार रोपं फुकट मिळतायत, घेऊ की नको?

पायवाट | २६ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडचणीत सापडलोय म्हणून धागा काढतोय.

आमच्या घरामागे टेकडी आहे, पुण्यातलीच, जमीन वनविभागाची. गेली सहा वर्षं आम्ही बारा-पंधरा जण दर रविवारी सकाळी वर जातो. सुरुवात बाटल्या आणि पिशव्या उचलण्यापासून झाली, मग वनरक्षकांना विचारून उन्हाळ्यात वणवा अडवायचे जाळपट्टे काढायला लागलो, मग कोणीतरी म्हणालं की घाणेरी आणि रानमोडी ही माजलेली परदेशी झुडपं उपटूया, तेही सुरू झालं. लावलेली झाडं म्हणाल तर सहा वर्षांत जेमतेम शंभर. पण ज्या उतारावर वणवा गेला नाही तिथे मेडशिंगी, हेंकळ, मोई, अमोणी आपोआप वर आलेत, आम्ही काही केलं नाही, फक्त आग आणि घाणेरी दूर ठेवली.

आता एका कंपनीने आमचं काम कुठेतरी पाहिलं आणि सीएसआरमधून, म्हणजे त्यांच्या समाजकार्याच्या पैशातून, दोन हजार रोपं देतो म्हणतायत. वड, पिंपळ, कडुनिंब, बकुळ, करंज. जूनच्या दुसऱ्या रविवारी तीनशे कर्मचारी येणार, खड्डे आधी जेसीबीने काढून देणार, टी-शर्ट टोप्या सगळं. ग्रुपमधले निम्मे लोक खूश आहेत. मला मात्र झोप लागत नाही. जिथे खड्डे काढायचं म्हणतायत तो वरचा माळ आहे, कुसळी आणि पवन्याचं गवत, पावसाळ्यात त्यात कंदीलपुष्प येतं, मी स्वतः मोजलीयत, गेल्या वर्षी सतरा वेली होत्या.

नाही म्हणावं का? आणि म्हणायचं तर कसं?

मुळाकाठ | २६ मे, रात्री १०:२२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पुण्यात पारा चाळिशी ओलांडतोय, रस्त्यारस्त्यावर झाडं तोडली जातायत आणि तुम्हाला कोणी दोन हजार झाडं फुकट देतंय तर तुम्ही गवतासाठी नाकारताय? वड-पिंपळ तर आपलेच आहेत, परदेशी नाहीत. सावली होईल, पक्षी येतील. गवत काय, कुठेही उगवतं.

नवखा | २६ मे, रात्री १०:३१

मला पण हाच प्रश्न पडला. वड देशी नाही का?

बॉटनीवाली | २६ मे, रात्री ११:१५

वड देशीच आहे, पण देशी म्हणजे कुठेही चालेल असं नाही. कोकणातला माणूस मराठी आणि मराठवाड्यातलाही मराठी, पण एकाच्या अंगणातली सुपारी दुसऱ्याच्या अंगणात लावून चालते का? पुण्याच्या टेकड्यांवर वीतभर माती आणि खाली काळा कातळ. तिथे सालई, मोई, पांढरूख, गणेर, धावडा, खैर, हिवर, पळस, बहावा अशी पानगळीची झाडं, मध्ये झुडपं आणि त्याहून जास्त गवत, असं मूळचं रूप आहे. कॉलेजात २० वर्षं शिकवतेय, दर पावसाळ्यात मुलांना घेऊन टेकडीवर जाते. बकुळ म्हणजे कोकणातली ओवळी, ती ओलाव्यातली बाई आहे, तिला मे महिन्यात टेकडीच्या माथ्यावर उभं करणं म्हणजे छळ आहे.

आणि गवत कुठेही उगवतं हा गैरसमज आहे. कुसळीचं एक बी घ्या, शेपटीसकट, आणि ताटलीत पाण्याचे दोन थेंब टाकून त्यावर ठेवा. ती काळी पीळदार शेपटी ओली झाली की उलगडते आणि बी गोल गोल फिरायला लागतं. पहिल्या पावसात ते असंच फिरत जमिनीत शिरतं. माझ्या वर्गातली मुलं हे बघून ओरडतात अक्षरशः. जुनं गवताळ रान एकदा जेसीबीने उलथलं की तिथे आधी येतं ते गाजरगवत आणि पिवळा कॉसमॉस, कुसळी परत यायला किती वर्षं लागतील कोण जाणे.

@पायवाट, सतरा वेली! त्यातल्या काही जाती अगदी थोड्या डोंगरांवरच उरल्यात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांची रोपं वाढवून पुन्हा डोंगरावर लावली, किती मेहनतीचं काम आहे ते. आणि तुमच्याकडे ती आपणहून आहेत.

गच्चीबाग | २७ मे, सकाळी ७:०५

कुसळीचा प्रयोग नातीला दाखवणार. आमच्या सॉक्समध्ये बिया कायम तयार असतात.

बांधावरून | २७ मे, सकाळी ८:४०

शहरातल्या टेकड्यांवर सगळीकडे गिरीपुष्प दिसतं त्याचं काय करता? आम्ही शेतकरी ते बांधावर मुद्दाम लावतो. पाला जमिनीत गाडला की नत्र मिळतं, उंदीर पळतात म्हणून त्याला उंदीरमारी म्हणतात. चांगलं झाड आहे, उगाच बदनाम करू नका.

जुनापुणेकर | २७ मे, सकाळी ९:१०

मी ७२ वर्षांचा आहे. लहानपणी टेकड्या अगदी बोडक्या होत्या, उन्हाळ्यात वर जायचं तर पायाला चटके. नंतर वनखात्याने ग्लिरिसिडिया, म्हणजे हेच गिरीपुष्प, लावला कारण दुसरं काही जगत नव्हतं, दगडात जगायचं, पाणी नको, वाढ झटपट. आज लोक त्याला नावं ठेवतात, पण त्या सावलीत आम्ही चालायला शिकलो. हे खरं की त्यात मी घरटं क्वचितच पाहिलं, आणि त्याच्याखाली वर्षानुवर्षं दुसरं काही येत नाही. फेब्रुवारीत गुलाबी फुलं येतात तेव्हा मात्र डोळे निवतात.

पायवाट | २७ मे, दुपारी १:३०

@बांधावरून दादा, बांधावर ते उत्तमच. टेकडीवर अडचण अशी की तोडलं तरी दुप्पट फुटवे येतात, बी उडून माळावर जातं. आम्ही सरसकट तोडत नाही, तशी परवानगीही नाही, वनजमिनीवर एकही झाड विचारल्याशिवाय तोडता येत नाही. वनविभागाने सांगितलं तिथे फांद्या विरळ करून मधे देशी रोप लावलं, असे चाळीसेक केलेत. त्या पाल्याने माती खरंच मऊ झालीय, हे तुमचं म्हणणं पटलं.

@मुळाकाठ, राग नाही. शहरात झाडं हवीत, रस्त्याच्या कडेला, शाळेत, सोसायटीत, नदीकाठी, तिथे ही दोन हजार रोपं मी स्वतः लावायला येतो. फक्त त्या माळावर नको.

सिडनीकर_७१ | २७ मे, दुपारी २:५५

इथून लिहितोय तरी विषय ओळखीचा आहे. मी सिडनीत दर महिन्याला कौन्सिलच्या बुशकेअर गटात जातो, घराजवळच्या रानातलं तण काढायला. आणि आमचा पहिल्या नंबरचा शत्रू कोण, तर घाणेरी! पहिल्या दिवशी झुडूप दिसलं, पान चुरगळून वास घेतला आणि डोळ्यांसमोर सातारा आला.

इथे १९६०च्या दशकात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी स्वतःच्या घराजवळच्या रानात काम करून एक पद्धत बसवली, ती आजही शिकवतात. तीन गोष्टी आहेत. जिथे रान चांगलं आहे तिथून सुरू करायचं आणि हळूहळू खराब भागाकडे सरकायचं, आपण सगळे उलटं करतो, सर्वात घाण कोपरा धरतो आणि दमतो. दुसरं, माती कमीत कमी हलवायची आणि वरचा पालापाचोळा परत जागेवर ठेवायचा. तिसरी मला सगळ्यात आवडते, देशी झाडं जेवढ्या वेगाने जागा घेतायत तेवढ्याच वेगाने तण काढायचं, त्याहून जास्त नाही. नाहीतर मोकळ्या जागेत पुन्हा तणच येतं.

आणि घाणेरीच्या जाळीत इथे छोटे पक्षी लपतात, म्हणून आम्ही एकदम सगळी साफ करत नाही, पट्ट्यापट्ट्याने काढतो. @पायवाट, तुम्ही सहा वर्षं जे करताय ते नेमकं हेच आहे, कोणी न शिकवता.

रानभाजी | २७ मे, दुपारी ४:२०

त्या माळावर फोडशी येते का हो? पहिल्या पावसात? आम्ही लहान असताना आजीबरोबर खुडायला जायचो, मुळासकट नाही, फक्त पाती. बारीक चिरून, कांदा आणि भिजवलेली मूगडाळ घालून. आता बाजारात जुडी मिळते पण चव ती नाही.

गच्चीबाग | २७ मे, दुपारी ४:४१

आमच्याकडे चणाडाळ घालतात. आणि वरून ओलं खोबरं.

कातळसडा | २७ मे, सायंकाळी ६:०२

फोडशीला मूगडाळच. चणाडाळ भारंगीला. (आमच्या रत्नागिरीत यावरून सोयरीक मोडू शकते.)

बाकी धाग्याच्या विषयाकडे येतो. आमच्याकडे कातळाच्या सड्याला, म्हणजे उघड्या खडकाळ पठाराला, सरकारी कागदात पडीक म्हणतात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तोच पडीक सडा म्हणजे गालिचा असतो, गेंद, सीतेची आसवं, कवला, तेरडा. पाऊस संपला की महिन्याभरात सगळं गायब, मग ज्याला विकायचा तो डिसेंबरात माणसं आणून दाखवतो, बघा कसा ओसाड आहे.

गावाच्या देवराईची गोष्ट सांगतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा लोकांना कळलं की आपल्या देवाच्या भीतीने किती मोठा ठेवा राखलाय. आमच्या राईत बेहड्याचे मोठे वृक्ष आहेत, त्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेर (धनेश पक्षी) घरटं करतो, मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. काही वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार निघाला. पैसे मुंबईकरांनी दिले, मीही दिले. बाहेर पेव्हर ब्लॉक, दोन्ही बाजूला उंच सरळ शोभेचा अशोक, आणि जागा लागते म्हणून एक बेहडा तोडायचं ठरलं. गुरवाची आई, ऐंशीच्या पुढची, सभेत उठली आणि म्हणाली, ‘त्या पाखराचा संसार मोडून देवाक काय तोंड दाखवतलास?’ सभा संपली. बेहडा आहे अजून. पण पेव्हर ब्लॉक झाले, आणि पूर्वी देवळाच्या उताराला ओवळीची रोपं आपोआप यायची ती आता येत नाहीत. पैसे देताना मी विचारायला हवं होतं.

ठोंब्या | २७ मे, रात्री ८:१५

मस्त धागा चाललाय. सीडबॉलबद्दल काय मत? आम्ही ट्रेकला जाताना पाचशे गोळे फेकतो.

बॉटनीवाली | २७ मे, रात्री ९:००

@ठोंब्या, कशाच्या बियांचे आणि कुठे, यावर सगळं आहे. ज्या डोंगरावरचं बी त्याच डोंगराच्या पायथ्याला, असं असेल तर हरकत नाही. चिंच-जांभूळ-गुलमोहर एकत्र करून गडावर फेकणं मात्र नको. गुलमोहर मादागास्करचा. आणि बहाव्याचं बी असेल तर नुसतं गोळ्यात घालून उगवणार नाही, साल फार कडक असते, दगडावर एक बाजू घासायची किंवा गरम पाण्यात रात्रभर ठेवायचं. पळसाचं बी उलट, ताजं असतानाच लावायचं.

झाडीपट्टी | २८ मे, सकाळी ११:३०

गोंदियाहून. सगळे झाडांवर बोलून राहिले तर मी पाण्यातल्या झाडांवर बोलतो.

आमच्याकडे मालगुजारी तलाव आहेत, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोली मिळून हजारोंनी. १९५० नंतर मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे गेले आणि कोणाचेच राहिले नाहीत. गाळ भरला, काठाने बेशरम वाढली (जांभळ्या फुलांची, कापली तरी फांदीवरून परत येते, नाव उगाच नाही पडलं). रोहू-कतला-मृगळाचं बीज सोडायला लागले, आमची गावठी मासळी कमी झाली, ढिवर समाजाची रोजी गेली.

मग अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर लोकांना सोबत घेऊन काम सुरू केलं. आधी म्हाताऱ्या मासेमारांना विचारलं की पूर्वी तलावात काय काय उगवायचं, कोणत्या मासोळीला कोणतं गवत लागते, कोणता पक्षी कुठे बसते. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, कोणी विचारलंच नव्हतं. मग बेशरम खणून काढली, त्यात बायका पुढे, उन्हाळ्यात तलावाची जमीन नांगरली, आणि चांगल्या तलावातून पाण्याखालच्या वनस्पती आणून लावल्या. देवधानही, म्हणजे जंगली भात, पाखरं खातात. दोन-तीन वर्षात गावठी मासे वाढले, जाळ्यात वजन दिसायला लागलं. मी एका तलावावर बायकांबरोबर एक दिवस उभा होतो, कमरेएवढ्या पाण्यात, एक काकू हाताने चिखल चाचपून रोपाचं मूळ दाबत होती, जशी भाताची रोवणी करते तशीच. म्हणाली, रोवणीच आहे ना बाबू, पीक मासोळीचं.

आमच्याकडे लोक टिकतात कारण ताटात मासोळी येते. पुण्यात तुमच्या टेकडीतून कोणाच्या ताटात काय येते, ते बघा.

मुळाकाठ | २८ मे, दुपारी १२:४५

@झाडीपट्टी, जबरदस्त. शेवटचा प्रश्न बरोबर मारलात. टेकडीतून आम्हाला सकाळची हवा येते, एवढंच मला आठवतं.

वाड्यावरचा | २८ मे, रात्री ९:३५

मी लिहू का नको असा विचार करत होतो. @झाडीपट्टी यांनी विचारलं म्हणून लिहितो.

आम्ही धनगर. माझे वडील, आजोबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे, भात निघालेल्या शेतात मेंढरं बसवायची, शेतकरी धान्य द्यायचा, आणि पाऊस जवळ आला की परत वर माळावर. मी आता कंपनीत आहे, भाऊ अजून मेंढरं राखतो. तुम्ही ज्या माळाला वाचवायचं म्हणता तो आमच्या जनावरांनीच राखलेला आहे हे कोणी बोलत नाही. पावसाळ्यात गवत कोवळं असतं तेव्हा मेंढरू खातं, कुसळ पिकलं की तोंडात आणि लोकरीत घुसतं, जखमा होतात, मग आम्ही तिकडे नेत नाही. म्हणजे बी पडायला जागा आपोआप राहते. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक सगळे त्याच माळावर. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, माझ्या आईने मला लहानपणी दाखवली होती, खड्यांसारखी दिसतात, म्हणाली पाय जपून टाक.

मग २०१९ ला ३३ कोटी झाडांचा कार्यक्रम आला. आमच्या गावच्या माळावर ओळीने खड्डे घेतले, तारेचं कुंपण, चराई बंद. रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली. कुंपण मात्र राहिलं. भावाला मेंढरं रस्त्याकडेने न्यावी लागतात, एका वर्षात ट्रकखाली सहा गेली. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं की हा माळ मोकळा आहे का. मोकळा नव्हता, आम्ही होतो तिथे.

झाडं लावू नका असं म्हणत नाही. विचारा एवढंच.

कातळसडा | २८ मे, रात्री १०:१०

काय बोलावं. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

साताऱ्याची | २९ मे, सकाळी ७:२५

@वाड्यावरचा भाऊ, अगदी. कासला हेच झालं. २०१२ ला जागतिक वारसा यादीत आलं, गर्दी लोटली, कुंपण पडलं आणि गुरं बंद झाली. गर्दीचे पाय अडवायला काहीतरी हवंच होतं, तेही नाकारत नाही. पण आमच्या गावातले जुने लोक सांगायला लागले की गवत माजलं आणि खालची बुटकी फुलं झाकली जातायत, म्हशी चरायच्या तेव्हा असं नव्हतं. मी लहानपणी म्हशींमागे तिथे फिरलेय, मला तरी त्यांचं म्हणणं खरं वाटतं.

झाडीपट्टी | २९ मे, सकाळी १०:०५

याच्यावरच अजून एक. चंद्रपूरचं पाचगाव, २०१२ ला सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकून गावाला पैसा मिळते. तेंदूपत्त्यातही मिळाला असता, पण ग्रामसभेने तेंदू तोडायचाच नाही ठरवलं, कारण जास्त पान यावं म्हणून फांद्या छाटतात आणि आग लावतात. तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, फळं माणसालाही आणि पाखरालाही राहू द्या म्हणाले. जंगलाचा एक भाग तर अजिबात हात न लावता सोडलाय. हे कोणी बाहेरून शिकवलं नाही. हक्क हातात आला तेव्हा राखायची जबाबदारी पण आली.

नवखा | २९ मे, सकाळी ११:४०

म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं की झाडं लावूच नयेत?

बॉटनीवाली | २९ मे, दुपारी १२:१५

नाही नाही! लावावीत. कुठे, कोणती, किती आणि तीन वर्षं पाणी कोण घालणार हे आधी. त्याच्याही आधी खाली बघायचं. तोडलेल्या, जळलेल्या झाडाचा खुंट जमिनीत जिवंत असतो. पळस, मेडशिंगी, धावडा, पावसात झुडपासारखे दहा फुटवे काढतात, लोकांना वाटतं तण आहे आणि त्यावरच खड्डा काढतात. त्यातले सरळ एक-दोन ठेवून बाकीचे कापले की दोन वर्षांत डोक्याएवढं झाड. त्याचं मूळ आधीच पन्नास वर्षांचं असतं, त्याला पाणी लागत नाही. पिशवीतल्या रोपाचं मूळ मात्र तळाशी गोल गुंडाळलेलं असतं, तसंच लावलं तर ते कातळात कधीच उतरत नाही. मोई आणि पांगारा तर मनगटाएवढी फांदी रोवली तरी लागतात.

मुळाकाठ | २९ मे, दुपारी १:०५

मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं ते मागे घेत नाही, शहरात झाडं हवीतच. पण माळाबद्दल चुकलो. एक मार्ग सुचतो. मी अशाच एका कंपनीत सीएसआरचं काम बघतो म्हणून सांगतो, त्या लोकांना वर दाखवायला आकडा लागतो, आणि माणसांना एक दिवस हाताने काम केल्याचं समाधान. झाडांचा आकडा नको असेल तर दुसरा आकडा द्या. किती गुंठे घाणेरी काढली, किती मीटर जाळपट्टा, किती फुटव्यांना खुणा केल्या. नुसतं नको म्हणालात तर ते पुढच्या टेकडीवर जातील आणि तिथे जेसीबी लावतील.

पायवाट | २९ मे, दुपारी १:२०

हे डोक्यातच नव्हतं आलं. मुळाकाठ, फोनवर बोलू शकाल का? निरोप पाठवतो.

ठोंब्या | २९ मे, दुपारी १:३३

पहिल्या पानावर भांडलेले दोघे तिसऱ्या पानावर फोन करतायत. या संस्थळाच्या इतिहासात प्रथमच.

बांधावरून | ३० मे, सकाळी ६:५०

घाणेरी काढायची रीत सांगतो, नाहीतर तीनशे माणसं वरून छाटून जातील आणि पावसात दुप्पट येईल. बुडाशी जमिनीच्या खाली दोन-तीन इंच कुदळीने मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून तिथेच ठेवायचं, मुळं वर. फळं काळी व्हायच्या आत. नंतर ज्या झाडावर बुलबुल बसतो त्याच्या खाली दर महिन्याला बघायचं, विष्ठेतून बी पडतं, छोटी रोपं हाताने निघतात. रानमोडी पाऊस पडल्यावर उपटायची, माती मऊ असते, मुळासकट येते.

रानभाजी | ३० मे, सकाळी ९:१५

फोडशीचं उत्तर कोणीच दिलं नाही :(

पायवाट | १७ जून, रात्री १०:४०

उशिरा लिहितोय, माफी.

मुळाकाठ माझ्याबरोबर कंपनीच्या बैठकीला आले. मी बोलायच्या आत त्यांनीच कंदीलपुष्पाचा फोटो टेबलावर ठेवला. तिथल्या मॅडमनी विचारलं, हे फूल मी इतकी वर्षं त्या टेकडीवर चालतेय तर मला कसं दिसलं नाही? मी सांगितलं की ऑगस्टमध्ये, गवतात वाकून बघावं लागतं. त्यानंतर बोलणं सोपं झालं. जेसीबी रद्द. दोन हजारांपैकी बहुतेक रोपं दोन शाळा आणि नदीकाठच्या रस्त्यावर जाणार, ती जागा त्यांनीच शोधली. टेकडीवर फक्त दीडशे रोपं, तीही खालच्या गिरीपुष्पाच्या पट्ट्यात आणि पुढच्या वर्षी, कारण आम्हाला इथलंच बी गोळा करून दुधाच्या पिशव्यांत रोपं करायचीयत. उरलेल्या पैशातून जानेवारी ते मे दोन माणसं आगीवर लक्ष ठेवायला. वनविभागाचा होकार आला.

तीनशे नाही, साठ जण आले. पाच-पाचचे गट केले आणि प्रत्येकाला एक फुटवा शोधायला सांगितला. एका मुलीला पळसाचा खुंट सापडला, मांडीएवढा जाड, जळून काळा झालेला, आणि बाजूने तीन पानांची हिरवी जुडी. तिने बराच वेळ त्यावर हात ठेवला होता.

आणि @वाड्यावरचा, तुमचं वाचल्यावर आम्ही टेकडीमागच्या वाडीत गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा, हे सांगताना वाईट वाटतं. तिथे एक आजोबा भेटले, पूर्वी टेकडीवर गुरं न्यायचे. त्यांनी माळाच्या तीन भागांची तीन नावं सांगितली, आम्हाला एकही माहीत नव्हतं. एका भागाचं नाव पवन्याचा टेप. त्यांनी विचारलं, पवन्या अजून आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाले, मग मला एकदा वर न्या.

@रानभाजी, परवाच्या पावसानंतर फोडशी आलीय. आजोबा म्हणाले त्यांच्या घरी डाळ घालतच नाहीत, नुसता लसूण.

रानभाजी | १७ जून, रात्री १०:५२

नुसता लसूण!! करून बघते उद्या.

वाड्यावरचा | १७ जून, रात्री ११:३०

आजोबांना न्याल तेव्हा मलाही कळवा. भावाला घेऊन येतो. रविवारी किती वाजता निघता?

पायवाट | १८ जून, सकाळी ६:१०

साडेसहाला, पाण्याच्या टाकीपाशी. आजोबांना चढ झेपायला हवा म्हणून मागच्या वाटेने जाऊ, हळूहळू. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, त्या वाटेवर घाणेरी अजून काढायचीय.